खुंटाच्या वरची चूल

"आबानू, चूक कोणाची? खुंटाची, की समुद्राची?"

लवूने मठीच्या दारातूनच विचारलं. पायसुद्धा धुतले नव्हते.

रवळूबुवा चुलीपाशी बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"माझी नजर चुकणा नाय. तीन गावचे तांडेल माका विचारून होडी लोटतत. म्हणजे समुद्रानच दगो दिल्यान."

"बस," बुवा म्हणाले.

खाडीच्या तोंडावरच्या त्या वाडीत कायदा एकच होता. बुवांच्या गुरूंनी किनाऱ्यावर खैराचा एक खुंट ठोकला होता. खुंटाच्या खाली, समुद्राच्या बाजूला, कुणी चूल मांडायची नाही, वर खुशाल नांदावं. आषाढातल्या अवसेचं उधाण ओसरलं, की दुसऱ्या सकाळी फेसाची रेघ कुठवर आली ते बघायचं. रेघ खुंटाच्या वर गेली असली, तर खुंट उपटायचा आणि रेघेच्या मागे नेऊन ठोकायचा.

बुवांची नजर गेल्यापासून, म्हणजे गेली पाच वर्षं, रेघ त्यांचा हा एकुलता एक शिष्य बघत होता. दरवर्षी येऊन सांगायचा, "खालीच असा, आबानू." वाडीला अंगणातलं पाणी दिसत नव्हतं असं नाही. पण लवू म्हणाला पावसाचं, म्हणजे पावसाचं. ज्यांना पटलं नाही ते कुणाला न विचारता सड्यावर, डोंगराच्या माथ्यावर, राहायला गेले. वीस घरांची पाच उरली.

या अवसेला भर दुपारी पाणी पूर्णाकाकीच्या पुढच्या दाराने आत आलं. शेजारणी हाका मारत होत्या. काकी गुडघ्यांनी अधू.

"मी खुंटाच्या वर असंय गो, माका काय होता?" असं म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

ती कोसळलेल्या मागच्या भिंतीखाली सापडली. त्याला आज चार दिवस झाले. उरलेली चार घरं आता मठीच्या तोंडाकडे बघत होती. पुनवेचं उधाण अकरा दिवसांवर होतं.

"खुंट हाड," बुवांनी आणायला सांगितलं.

"हाडू? म्हणजे उपटून?"

"मगे कसो हाडतलंस?"

लवू गेला. खुंट काही निघेना. ठोकलेला त्याने लहानपणापासून पाहिला होता, उपटलेला कधीच नाही. पहारीने खणून, कोपरापर्यंत चिखलाने माखून तो परत आला आणि खुंट गुरूच्या पुढ्यात ठेवला.

बुवांनी त्यावरून हात फिरवला.

"रेघ खंय इली?"

"खुंटाच्या..." लवूच्या तोंडातून सवयीने निघालं. मग तो थांबला. खुंट तर समोर आडवा पडला होता.

"खंय, रे?"

"उंडलीकडे."

उंडलीचं झाड मठीच्या मागे होतं.

"गेल्या वर्सा?"

"मठीच्या उंबऱ्यार. पाचय वर्सां खुंटाच्या वरच होती, आबानू. खुंट मागे नेलो असतो तर मठी खाली रवली असती. ही चूल विझवची लागली असती. तीन पिढ्यांची चूल... माझ्या हातान? लोक काय म्हणाले असते?"

चुलीत एक लाकूड सरकलं. बुवांनी ते चाचपून आत ढकललं.

"माका म्हायत होता," ते म्हणाले.

लवूने मान वर केली.

"आषाढात माझी चटय भिजा. छप्पर गळता, असा तू सांगलंस. मी ती जिबेक लावन बगलंय. खारी होती."

"मगे... तुमी बोललात नाय?"

बाहेर ओहोटी लागली होती, आणि एरवी शेजारून येणारा काकीचा खोकला आता नव्हता.

"चूल विझली की तू सड्यार जातलंस. तुजो भाव तुका कदीपासून बोलवता. मी एकटो पडतलंय, ह्या भियान. तू खोटा बोललंस. मी ओल्या चटयेर निजान आयकलंय."

लवू रडला. चार दिवसांत पहिल्यांदाच रडला, आणि या वेळी समुद्राला त्याने बोल लावला नाही.

बुवा भिंतीला धरून उठले. चाचपत कोपऱ्यातली कळशी घेतली आणि चुलीत ओतली. मठीभर धूर झाला. ठसका लागला तरी त्यांनी कळशी पूर्ण रिकामी केली. मग चटई गुंडाळून काखेत मारली आणि लवूच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल."

दोघं मागच्या दाराने निघाले. लवू दहा पावलांवर थांबला.

"हयसर?"

"रेघ हयसर होती?"

"नाय, वर."

"चल तर."

उंडल मागे पडली. तिच्याही पलीकडे, चढ लागतो तिथे लवूने खुंट टेकवला. बुवा चटई काखेत घेऊन शेजारी उभे राहिले. पहिल्या ठोक्याला चार घरांतल्या बाया बाहेर आल्या. त्यांनी वर चढावर बघितलं, मग मठीच्या कौलांकडे. तिथून धूर निघत नव्हता. एकीने अंगणातली दोरी सोडायला घेतली, दुसरी भांडी बाहेर काढू लागली.

मठीत आता कुणीच नव्हतं. लवूला राहवेना, त्याने दोनदा तिकडे बघितलं. बुवांना बघण्याचा प्रश्नच नव्हता, पण तेही तोंड तिकडेच करून उभे होते.

शेवटचा घाव घालून लवूने घाम पुसला.

"झाला, आबानू."

"हालता?"

"खंयचा हालता! असो बसवलंय, कोणाच्या बापाक हालूचो नाय."

बुवा वाकले. खुंट सापडेपर्यंत त्यांचा हात मातीवरून फिरत राहिला. सापडल्यावर त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला. खरंच घट्ट होता...

"मगे आता," ते म्हणाले, "तो उपटूक शिक."