पारव्याला आधी वाट

नदीवर पूल नव्हता, एसटीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, अशा फार फार वर्षांपूर्वीच्या काळात आमच्या पिंपळडोहाला गोजराआत्या नाव चालवायची. नाव तिच्या नवऱ्याची. तो गेला, तिने वल्हं हातात घेतलं आणि कुणाला विचारायला गेली नाही. तिने अलीकडून हाक मारली की पलीकडच्या गावातली कुत्री उठून बसायची, असं म्हणतात. मी काही ऐकायला नव्हतो, पण मला ते खरं वाटतं.

त्याच काळी गढीवरच्या सरदारांकडे पारवा नावाचा घोडा होता. दसऱ्याच्या शर्यतीत त्याला दुसऱ्या घोड्याची शेपटी कधी दिसली नाही. वय झालं तसा सरदारांनी त्याला शर्यतीतून उतरवला, पण त्याच्या अंगातली शर्यत काही उतरेना. एक दिवस दोर तोडून वाऱ्याशी पैज लावायला गेला आणि पुढचा पाय बिळात अडकून मोडला. सरदारांचा जीव होता त्याच्यावर. गोळीचा बार कानावर पडायला नको, म्हणून त्यांनी घोड्यांची निगा राखणाऱ्या येसू मोतद्दाराला सांगितलं, नदीपलीकडच्या माळावर ने आणि तिथेच संपव.

येसूने त्याला लहानाचा मोठा केलेला. तो डोळे पुसत नावेशी आला. तीन पायांवर उड्या मारत पारवाही आला, घामाने निथळत, थरथरत. येसू नावेत फळ्या टाकत होता, तेवढ्यात पारवा आपणहून पाण्यात शिरला. पोटापर्यंत पाणी आलं आणि त्याची थरथर थांबली.

येसूने ते पाहिलं नाही. गोजराआत्याने पाहिलं. ती काठावर बसली आणि विचार करू लागली.

आता हा विचार साधा नव्हे. आमच्या गावाची रीत अशी, की जनावराच्या गळ्यात आपलं दावं घातलं की ते जनावर मरेपर्यंत आपलं. विकायचं नाही, हाकलायचं नाही, मारायचं तर मुळीच नाही. पोरीला स्थळ बघताना करत नाहीत इतका विचार आमची माणसं दावं घालताना करतात. आत्या पाण्यातल्या घोड्याकडे बघत राहिली. ऊन पिंपळावरून उतरलं. मग ती उठली आणि नावेचाच दोर सोडून तिने पारव्याच्या गळ्यात घातला.

येसू घाबरला. "आत्या, आन् ह्यो मेला तर?"

"मेला तर माझ्या दाव्याला मरंल. जा, सरदारास्नी सांग, बार उडायचा न्हाई."

तिने नाव डोहाच्या कडेला खुंट्यांना पक्की बांधली. पारव्याला नावेला टेकवून पाण्यात उभा केला. स्वतःचं नवं लुगडं त्याच्या पोटाखालून घेऊन नावेच्या काठाला आवळलं. म्हणजे निम्मा भार पाण्यावर, निम्मा नावेवर. पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. येसू गढीवर निरोप सांगून आला तो परत गेलाच नाही, वैरण आणायला तिथेच राहिला. अख्खा हिवाळा पारवा पाण्यात उभा होता, आणि मासे येऊन त्याच्या पायाला शेक द्यायचे, असं म्हणतात.

पण नाव अडकली आणि गावाचा बाजार अडला. पाटील तणतणत आले. "गोजरे, एका लंगड्या घोड्यापायी गाव वेठीला धरतीस?"

"पाटील, तुमचं दोन्ही पाय धड हायेत. वर पाणी उथळ हाय, त्या उतारावरनं चालत जावा. आधी ह्यो पल्याड जाईल, मग तुमी."

आणि पारवा गेला! पाय वाकडा जुळला, पण चार पायांवर चालत त्याच उतारावरून पलीकडे गेला. मग आत्याने नाव सोडली.

त्याच उन्हाळ्यात गावाने नदीच्या वाळूत कलिंगडं लावली होती. वर कुठे ढग फुटला आणि भर दुपारी लोंढा आला. नाव काडीसारखी मोडली. पाटलांसकट वाळूत असलेले सगळे मधल्या उंचवट्यावर अडकले. आत्याने नावेचा दोर पिंपळाला बांधला, दुसरं टोक पारव्याच्या गळ्यात घातलं आणि त्याची आयाळ धरून पुरात उतरली. धावणारा घोडा पहिल्याच धारेला वाहून गेला असता. हा मात्र जपून, चाचपत, एकेक पाय रोवत गेला. पाणी त्याच्या पोटाच्या वर चढलंच नाही, असं म्हणतात.

उंचवट्यावर दोर ताणून झाला. पाटलांचा पाय ओंडक्याखाली चेंगरला होता. ते मागे सरकून बसलेले, मान खाली. आत्या त्यांच्यापाशी गेली.

"उठा पाटील. आधी तुमी."

पाटील पारव्याच्या पाठीवरून आले, बाकीचे दोर धरून. एकही माणूस गेलं नाही.

पुढे आत्या वारली त्या दिवशी पारवा डोहात उतरला आणि पलीकडे निघाला तो धावत, पाय सरळ करून, असं म्हणतात.

आता पूल आहे. पण आमच्या गावात लंगडतं माणूस असो की जनावर, पुलावर आधी तेच चढतं. उद्घाटनाला आलेले मोठे साहेब कात्री धरून उभे राहिले होते आणि फितीखालून आधी एक लंगडी शेळी गेली.

गेल्या वर्षी माझा गुडघा गेला. काठी टेकत पुलाशी पोचलो, तर अख्खा बाजार थांबलेला. मी चिडलो. म्हटलं, मी काय घोडा आहे?

भाजीवाली म्हणाली, "चल रे पारव्या, आधी तू."

मग काय करता, गेलो.