केसात भाजी खोवणारी सून

एका गावात एक सासू होती. आता सासू नाही असं गाव तरी कुठलं, म्हणा! पण ही जरा जास्तच सासू होती.

तिच्या घरामागं परसबाग होती. मांडवावर दोडक्याचा नि दुधीचा वेल, खाली भेंडी, कडेला वांगी. सगळं खायचं. शोभेचं एक रोप नाही. कुणी जाईचा वेल द्यायला आलं, की ही विचारायची, "याची आमटी होते का?" झालं, माणूस वेल घेऊन माघारी.

अशा घरात सून आली. तिच्या माहेरी दारातच जुई. एके दिवशी तिनं भेंडीचं फूल तोडलं नि अंबाड्यात खोवलं. पिवळंधमक फूल, मधे काळपट लाल डोळा. सून सासूला आत्याबाई म्हणायची. तिला वाटलं, आत्याबाई म्हणतील, बरी दिसतेस हो.

आत्याबाई किंचाळल्या, "अगं, भाजी खोवलीस की गं केसात! एक भेंडी गेली ना माझी!"

तेव्हापासून सून फुलं लांबूनच बघायची.

पुढं तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं ठरलं. सासूनं विचारलं, "काय हवंसं वाटतंय? लाजू नकोस."

सून हळूच म्हणाली, "फुलांची वाडी."

म्हणजे फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद, फुलांचा कंबरपट्टा घालून पोटुशीला मिरवायचं. सासू मनात फुलांचा भाव मोजायला लागली. पोरीनं दहीभात मागितला असता, तर दोनदा वाढला असता.

शेजारीण कुंपणाला कान लावूनच उभी होती. ती धावत एक बोचकं घेऊन आली. "वहिनी, आमच्या सुनेच्या वेळची कापडाची फुलं आहेत. धुऊन ठेवलीत. घ्या, फुकट! नाहीतर तुम्ही पोरीच्या गळ्यात भेंड्यांची माळ घालाल."

फुकट म्हटल्यावर सासूचा हात आपोआप पुढं झाला. बोचक्याला डांबरगोळ्यांचा भपकारा येत होता. सून नुसती मान खाली घालून उभी राहिली, नि तिच्या डोळ्यांतलं पाणी टपकन पायावर पडलं.

सासूनं ते पाहिलं. हात तिथंच थांबला. मग तिनं बोचकं शेजारणीच्याच पोटाशी परत कोंबलं. "आमच्या बागेतल्या फुलांचीच वाडी भरणार आहे मी. उद्या दिवेलागणीला या. अख्खी आळी घेऊन या!"

बोलून तर बसली. रात्रभर मनात म्हणतेय, गेली गं बाई माझी भाजी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी वेलापाशी गेल्या. "तोड बाई," सासू डोळे मिटून म्हणाली.

"आत्याबाई, डोळे उघडा की. हे बघा, या कळीच्या मागं बारकं दोडकं धरलंय. पोटुशी आहे ती. तिला मी कशी तोडीन? या घोसातल्यांच्या मागं काही नाही. या उमलतात नि गळून जातात. एवढ्याच घेऊ."

सासूनं जन्मभर दोडकी मोजली होती. फुलाच्या मागं काय नि पुढं काय, कधी पाहिलं नव्हतं. ती वेलाखाली बघतच राहिली. मग कडेच्या वांग्याकडं गेली. त्याला जांभळी फुलं होती, मधे पिवळी टिकली. सासूनं चांगली ओंजळभर फुलं खुडली.

"अहो, त्यांची वांगी झाली असती!" सून म्हणाली.

"गेली वांगी तर गेली!" सासू म्हणाली. "आठवडाभर पिठलं खाऊ."

पण दोडका, दुधी दुपारी उमलत नाहीत, उमलतात ते दिवेलागणीला. मिळाल्या त्या नुसत्या कळ्या. दोघींनी त्याच केळीच्या सोपाच्या दोऱ्यात गुंफल्या. "उमलतील ना हो?" सुनेनं विचारलं.

"माझ्या वेलाच्या आहेत. न उमलून सांगतात कुणाला?" असं म्हणाली खरी, पण सासू घटकेघटकेला कळ्या चाचपून बघत होती.

संध्याकाळी आळी जमली. शेजारणीनं सुनेचा मुकुट बघितला नि पदर तोंडाला लावला. "अगं बाई, ही तर हिरवी बोंडं! पोरीला मिरवायला बसवलंय की भाजी निवडायला?"

बायका खो खो हसल्या. सुनेची मान खाली जायला लागली.

"मान वर," सासू तिच्या कानात म्हणाली. नि बायकांना म्हणाली, "हसून घ्या पोटभर. जेवायला जागा तेवढी ठेवा."

दिवा लागला. ओवाळायला ताम्हण पुढं आलं. आणि एका कळीनं हळूच तोंड उघडलं. मग दुसरीनं. मग मुकुटभर! पिवळीजर्द दोडक्याची फुलं सुनेच्या डोक्यावर, सगळ्यांच्या देखत उमलली. मनगटावर दुधीची पांढरी फुलं फुलली. मधे वांग्याची जांभळी फुलं हिऱ्यामोत्यांसारखी. ओवाळणारी बाई ओवाळायचंच विसरली. गाणं बंद पडलं.

तेवढ्यात शेजारणीचीच सून मोठ्यांदा म्हणाली, "सासूबाई, पुढच्या खेपेला मला हीच वाडी हं! डांबरगोळ्यांची नको."

आता आळी हसली, ती कुणाला, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण कुंपणापाशी उभी. "वहिनी, दोडक्याचं बी द्या की थोडं."

"देते की! भाजीला हवंय का केसाला?"

शेजारीण लाजली. सून मागं उभी राहून हसत होती. तिच्या हातात भेंडीचं फूल होतं. "आत्याबाई, भाजी खोवू का तुमच्या अंबाड्यात?"

"खोव," सासू पाठ करून बसली. "नि नीट खोव. शेजारणीला दिसेल अशी."

तात्पर्य: जो रोज आपलं पोट भरतो, त्याच्या हातातल्या ताटाकडं बघतोच आपण, एकदा त्याच्या तोंडाकडंही बघावं. नि छान दिसलं, तर तसं बोलून टाकावं. त्यानं भाजी कमी होत नाही.