पुलावरून सोडलेला टँकर

तालुक्याच्या एका गावात लिंबाजी नावाचा टँकरवाला होता. कुणाच्या घरचा संडासाचा खड्डा भरला की तो यायचा, पाइप टाकून मैला ओढून घ्यायचा आणि वीस किलोमीटरवरच्या शुद्धीकरण केंद्रात नेऊन ओतायचा. रस्ता खराब होता. केंद्रावर रांग असायची. बाकीचे टँकरवाले एवढ्या लांब जात नसत. ते गावाबाहेरच्या पुलावर गाडी लावत आणि सगळा मैला ओढ्यात सोडून देत. लिंबाजीने अकरा वर्षं तसं केलं नाही.

बाराव्या वर्षी त्याचे गुडघे दुखायला लागले. एका दुपारी, तिसऱ्या खेपेला, त्यानेही पुलावर गाडी थांबवली. आजच्या दिवस, असं तो मनाशी म्हणाला. दहा मिनिटांत टँकर रिकामा झाला. पाणी काळं झालं, मग पुढे वाहून गेलं. दुसऱ्या दिवशी तिथे थांबताना त्याला फार विचार करावा लागला नाही. पुढे केंद्राचा रस्ता त्याने सोडूनच दिला.

तीनेक महिन्यांनी सरकारी दवाखान्यातून बोलावणं आलं. तिथला खड्डा भरून वाहू लागला होता. व्हरांड्यात माणसं सतरंज्यांवर झोपलेली होती. सगळ्यांचे डोळे पिवळे. ओढ्याच्या खालच्या अंगाला उंबरदरा नावाची वाडी होती, तिथली ही माणसं. पाइप लावून लिंबाजी पायरीवर बसला. शेजारी ठकूबाई नावाची म्हातारी सुनेच्या उशाशी बसली होती. सुनेला सातवा महिना होता आणि हाताला सलाईन लावलेलं होतं.

"काय झालंय, मावशी?" त्याने विचारलं.

"कावीळ. डॉक्टर म्हणतात, पाण्यातनं आली. आमची विहीर ओढ्याच्या काठालाच हाय. दरसाल दोघंचौघं पिवळी पडायची, यंदा निम्मी वाडी पडली. पाणी तर नितळ दिसतंय. काय झालं कळत नाही."

लिंबाजीला कळलं. तो मुकाट्याने निघून गेला असता तरी त्याला कुणी विचारणार नव्हतं. टँकर भरत आला. तो म्हणाला, "मावशी, आम्ही टँकरवाले पुलावरनं मैला ओढ्यात सोडतो. मीपण सोडलाय. तीन महिने झाले."

ठकूबाईने सुनेच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. तिने शिवी दिली नाही.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "वाडीतली माणसं अजून तेच पाणी पितायत. जा, त्यांना सांग."

लिंबाजीने भरलेला टँकर केंद्रावर नेला, रांगेत थांबून रिकामा केला आणि परत येताना उंबरदऱ्यात उतरला. पारावर माणसं जमली. कुणाकुणाचे टँकर येतात, दिवसाला किती खेपा होतात, सगळं त्याने सांगितलं. एकाने त्याची कॉलर धरली. बाकीच्यांनी सोडवलं. त्याच दिवशी विहिरीवर काटेरी फांद्या टाकल्या. बायका दीड मैलावरच्या बोअरवरून हंडे आणू लागल्या. वाडीतली माणसं पाळीपाळीने पुलावर बसू लागली आणि टँकर तिथे थांबेनासे झाले.

हे कळल्यावर टँकरच्या मालकाने लिंबाजीला कामावरून काढलं. वाडीत दीड-दोन महिन्यांनी नवे रुग्ण निघायचे थांबले. ठकूबाईची सून वाचली. पोटातलं मूल गेलं.

लिंबाजी एकदा त्यांच्या घरी गेला. ठकूबाईने त्याला दारातच थांबवलं.

"आत येऊ नकोस. तुला बघून तिला त्रास होईल." मग ती म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस."

लिंबाजी दुखऱ्या गुडघ्यांनी हळूहळू चालत परत निघाला.

तात्पर्य: आपण पाण्यात सोडलेली घाण आपल्या नजरेआड होते, पण खाली कुणाच्या तरी घरात पोहोचते. झालेली चूक कबूल केल्याने गेलेला जीव परत येत नाही. जे अजून ते पाणी पीत असतात, ते मात्र वाचतात.