राजनगरीची कोरी जागा

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या एका गावात एक कुंभारीण राहत होती. त्या गावाला आपल्या चावडीच्या भिंतीचा भारी अभिमान. आणि का नसावा? त्या भिंतीवर जवळजवळ अख्खी राजनगरी चितारलेली होती.

राजनगरी फार लांब. सगळ्यांना जाणं कुठून जमणार? म्हणून सुगी आटोपली की गाव दरवर्षी एकाच माणसाला नगरी पाहायला धाडी. तो परतला की चावडीवर बसून पाहिलेलं सांगे आणि गावातल्या बायका ते गेरूनं, चुन्यानं भिंतीवर उतरवत.

त्या वर्षी कुंभारणीची पाळी आली. निघताना पाटील म्हणाले, "वहिनी, यंदा आरसेमहाल तेवढा पाहून या. शेजारच्या गावानं भिंतीवर तीन मजली काढलाय. येता-जाता टोमणे मारतात लेकाचे."

"बघून येते की, भाऊजी," कुंभारीण म्हणाली.

नगरीत शिरली आणि तिची मान जी वर झाली ती वरच राहिली. हत्तीखान्यात हत्ती ऊस खाताना पाहिले, अत्तराच्या पेठेत नुसता वास घेत हिंडली. परतायच्या आदल्या दिवशी ती नदीच्या घाटावर पोचली आणि तिथंच अडकली. घाटाच्या टप्प्याटप्प्यावर दगडी माशांची तोंडं होती आणि त्यांतून पाणी खळखळत खाली पडत होतं. एकेका माशावर बोट फिरवत ती बसून राहिली. भानावर आली तेव्हा आरसेमहालाची दारं बंद झाली होती, आणि सकाळी परतीचा तांडा निघायचा होता.

गावी चावडी गच्च भरली. हत्ती झाले, पेठ झाली. घाट तर तिनं असा सांगितला की ऐकणाऱ्यांचे पाय ओले व्हायचेच बाकी राहिले. मग पाटलांनी विचारलं, "आणि आरसेमहाल?"

शेजारी बसलेला तेली तिच्या कानाशी लागला. "चार आरसे सांगून टाका, काकू. कोण जातंय बघायला?"

कुंभारणीला आयुष्यात एकदाच मिळालेला मान सगळ्यांदेखत मातीत जाणार होता. तरी ती म्हणाली, "तो नाही बघितला मी. घाटावर रमले आणि वेळ गेली. तेवढी जागा कोरी ठेवा."

जागा कोरी राहिली. बायका तिच्याशी तुटक बोलू लागल्या. शेजारगावचे लोक मुद्दाम चावडीपाशी थांबून विचारत, "हे काय, धुकं पडलंय का तुमच्या नगरीत?" कुंभारीण खाली मान घालून पाण्याला जाई. तिला फार लागत असे ते.

पुढल्याच पावसाळ्यात महापूर आला आणि राजनगरीचा घाट वाहून गेला. राजाला तो होता तसाच हवा होता. रोज घाटावर जाणाऱ्यांना विचारावं, तर जितकी माणसं तितके घाट. शेवटी राजाचे मुख्य गवंडी चित्राच्या शोधात डोंगर ओलांडून आले.

"शेजारच्या गावात जाऊन आलो," ते पाटलांना म्हणाले. "तिथं आरसेमहालाला तीन मजले काढलेत. आमच्या महालाला जिनाच नाही. मग त्यांच्या घाटावर भरवसा कसा ठेवू?"

मग ते या भिंतीपाशी गेले. बघता बघता त्यांचं बोट कोऱ्या जागेवर थांबलं. "इथलं काय पुसलं गेलं?"

पाटील ओशाळले. "पुसलं नाही जी. तेवढं आमच्या वहिनींनी पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी काढू दिलं नाही."

तसे गवंडी सोबतच्या माणसांना म्हणाले, "कागद काढा. घाट इथून उतरवून घ्यायचा, जसा आहे तसा. आणि त्या बाईंना आपल्याबरोबर न्यायचं. मासे कुठं बसवायचे ते त्याच सांगतील."

कुंभारीण निघाली तेव्हा तिला वेशीपर्यंत पोचवायला सगळं गाव लोटलं. वाटेत शेजारगावचे लोक भेटले. त्यांनी विचारलं, "काय पाटील, वहिनी पुन्हा नगरी बघायला निघाल्या वाटतं?"

"बघायला नाही," पाटील छाती काढून म्हणाले. "राजनगरीला तिचा घाट दाखवायला निघाल्यात."

तात्पर्य: जे पाहिलं नाही ते 'नाही पाहिलं' असं सरळ सांगणाऱ्याच्याच पाहिलेल्या गोष्टींवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.