महाराजांच्या हुकमाची हद्द

वीरधवल महाराजांच्या दरबारात ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. महाराज बोलले की सगळ्यांनी ‘होय सरकार’ म्हणायचं, असा रिवाजच होता. म्हणूनच ‘किल्ल्यावर आठ दिवसांत विहीर खणून पाणी काढा, नाहीतर मुलूख सोडा’ असा हुकूम पाथरवटांना सुटला, तेव्हा म्हातारे चिटणीस त्र्यंबकपंत खाली मान घालून तो निमूट लिहीत राहिले.

“आमच्या हुकमापुढे खडकसुद्धा फुटतो! खरं की नाही?” महाराज गरजले.

“खरं आहे सरकार,” पाथरवटांची म्होरकी सगुणा म्हणाली, “पण एका हद्दीपर्यंत.”

पंतांचा बोरू जागीच थांबला. असं उत्तर त्या दरबाराने कधी ऐकलंच नव्हतं.

“कुठे आहे ती हद्द? आत्ताच्या आत्ता दाखव, नाहीतर आजच चालती हो!”

“फार लांब नाही, सरकार. मी शंभर आकडे मोजेपर्यंत मिटायचं नाही, असा हुकूम आपल्या पापण्यांना करा.”

महाराज हसले आणि डोळे वटारून बसले. सगुणा सावकाश मोजू लागली. तिसाला डोळे लाल झाले, चाळिसाला घळाघळा वाहू लागले आणि सत्तेचाळिसाला पापण्या मिटल्याच.

सगुणाने हात जोडले. “स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी हुकमाने थांबलं नाही, सरकार. मग खडकातलं हुकमाने येईल कसं?”

महाराजांनी शेल्याने डोळे टिपले.

“पंत, ते आठ दिवस खोडा.”

चाळीस वर्षांच्या चाकरीत पंतांनी हजारो हुकूम लिहिले होते. खोडला मात्र हा पहिलाच.