सावरखोलचा ऐकणारा खुंट

सावरखोल बंदराच्या धक्क्यावर कमरेएवढा एक काळा दगडी खुंट आहे. पूर्वी त्याला गलबतं बांधत. आता त्याला कोणी काही बांधत नाही, त्याच्याशी बोलतात. खुंट नदीकडे चांगलाच कललेला आहे. दोन घरांची गाऱ्हाणी पिढ्यान्‌पिढ्या ऐकून तो वाकला, असं सांगतात.

ही घरं सारंगांची आणि तांडेलांची. धक्क्याची वरची बाजू सारंगांची, खालची तांडेलांची. पण नदी दर पावसाळ्यात कुठे काठ खाते, कुठे गाळ आणून टाकते, त्यामुळे हद्द एका जागी राहत नाही. म्हणून नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दोन घरांची दोन माणसं एका दोरीची दोन टोकं धरतात आणि सगळा धक्का नव्याने मापतात. होड्या कुठे ओढायच्या, माल कुठे उतरवायचा, मासळी कुठे सुकवायची, सगळं त्या दिवशी ठरतं, आणि तेही एकमेकांशी एक अक्षर न बोलता.

शलाका सारंगला हा नियम ती पाच वर्षांची असताना सांगितला गेला. तांडेलांशी बोलायचं नाही, सांगण्यासारखं काही असेल तर खुंटाला सांगायचं, आणि का म्हणून कधी विचारायचं नाही. तिने लगेच विचारलं, का? त्यावर तिला पाठीत एक धपाटा मिळाला. पुढे ती रत्नागिरीला जाऊन भूगोलाची पदवी घेऊन आली, पण त्या धपाट्याहून बरं उत्तर तिला कोणी दिलं नाही. वडील मोठ्या बोटीवर असत, म्हणून दोन वर्षांपूर्वी सारंगांचं दोरीचं टोक तिच्या हातात आलं. दुसऱ्या टोकाला तांडेलांची सून रेवती होती, खाडीपलीकडून लग्न होऊन आलेली. शलाकाला रेवतीचा आवाज माहीत नव्हता. पण ती दोरी कशी ओढते ते पक्कं माहीत होतं. दोन लहान हिसके म्हणजे पुढे सरक, एक मोठा म्हणजे तिथेच थांब, आणि दोरी ढिली पडली की समजावं, घाम पुसतेय.

यंदाच्या मापणीआधी एके दिवशी जिल्ह्याहून दोन साहेब लाँचने आले होते, बंदराच्या नव्या विकास आराखड्यावर हरकती ऐकायला. हरकतींचा हा शेवटचा दिवस. मोठ्या साहेबांनी धक्क्यावरच टेबल मांडून नकाशा उलगडला. त्यात होड्यांची जागा निळी होती, मालाची पिवळी. मधोमध, जिथे चाळीस बायका बोंबील आणि सुकट वाळवतात ते खळं, तिथे पांढरा चौकोन होता आणि त्यावर लिहिलं होतं, रिकामी जागा, प्रस्तावित वाहनतळ.

शलाकाच्या आईची मासळी त्याच खळ्यावर वाळायची. शलाकाचं कॉलेज त्या सुकटीतून झालं होतं.

हे घडलं कसं, तेही साहेबांनी सांगितलं. मागच्या हिवाळ्यात त्यांनी दोन्ही घरांकडून जागेच्या वापराचे नकाशे मागवले होते. खळं दोन्ही हद्दींत अर्धं अर्धं. सारंगांनी ते दाखवलं नाही, कारण तांडेल दाखवतील असं त्यांना वाटलं. तांडेलांनीही त्याच विश्वासाने सोडून दिलं. एकमेकांना विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.

सारंगांचे थोरले हरबाआबा म्हणाले, खळं तांडेलांनी दाखवावं, असं मी तेव्हाच खुंटाला सांगितलं होतं. तांडेलांचे धाकूनाना खुंटाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. ते खुंटाला म्हणाले की त्या दिवशी आपण धक्क्यावर नव्हतोच, गुडघ्याला तेल लावून घरी पडलो होतो. खुंटाने आपली बाजू मांडली नाही.

साहेब समंजस होते. दोन्ही दोरीवाल्यांनी बसून खळ्याची हद्द एका नकाशावर काढावी आणि दोघींनी सही करावी, पांढरा चौकोन आपण आजच बदलून घेऊ, असं त्यांनी सांगितलं. फक्त चारच्या आत. त्यानंतर ओहोटी लागते आणि लाँच नदीच्या मुखातून बाहेर पडत नाही.

दीड वाजला होता. दोन वाजेपर्यंत हरबाआबांनी खुंटाला सात गोष्टी सांगितल्या, धाकूनानांनी नऊ. अडीचच्या सुमाराला मोठे साहेबसुद्धा खुंटाकडे वळून "मग आपलं काय ठरलं?" असं विचारू लागले. धाकट्या साहेबांनी त्यांना हळूच पाणी दिलं.

शेवटी साहेबांनी विचारलं, हे असं का? शलाका सरसावून बसली. तिचाही प्रश्न वीस वर्षांचा होता. हरबाआबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि घसा साफ केला.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राणोजी सारंग आणि मालू तांडेल हे दोघे म्हणे जिवलग मित्र होते. इतके, की एकाला शिंक आली तर दुसरा नाक पुसायचा. बंदर तेव्हा भरभराटीला आलं होतं आणि त्याला नीट आखून द्यायचं काम गावाने या दोघांवर टाकलं. दोघांनी दोरी धरली आणि बोलायला सुरुवात केली. आदल्या दिवशीच्या शिंपल्यांच्या कालवणापासून निघाले ते मालूच्या मेव्हण्याच्या लग्नापर्यंत पोचले. बोलता बोलता दोघे जवळ येत, दोरी लोंबत असे, पुन्हा लांब जात. नजर एकमेकांच्या तोंडाकडे, पायांकडे कोणाचीच नाही. अशा मापणीत त्यांनी धक्क्याबरोबर नदीची आठ हात रुंद पट्टीही मापून टाकली, असं सांगतात. भरती उतरलेली होती, जमीन कोरडी दिसली.

त्या पट्टीवर गावाने मिठाचं कोठार बांधलं. छप्पर चढलं, मीठ भरलं, नारळ फोडला. तिसऱ्या दिवशी अमावास्येची भरती आली आणि कोठारात शिरली. भिंती उभ्याच राहिल्या, आत मीठ मात्र चिमूटभर उरलं नाही. त्या वर्षी सावरखोलच्या नदीत मासे आधीच मीठ लागलेले मिळत, असं जुनी माणसं सांगत.

गाव संतापलं. गुरवाने बंदराच्या देवीला कौल लावला. देवीने मागणं मागितलं ते बोकडाचं नव्हतं, कोंबड्याचं नव्हतं. तिने दोघांचा शब्द मागितला. दोरी हातात असेपर्यंत तुम्ही एकमेकांशी बोलणार नाही. दोघांनी पाण्यात उभं राहून नवस बोलला. दोरी खाली ठेवली आणि पुन्हा काही अनिष्ट घडलं तर, या भीतीने ती त्यांनी कधी ठेवलीच नाही. एकेक टोक आपापल्या घरी देव्हाऱ्यात नेऊन बांधलं, म्हणजे दोरी कायम हातातच राहिली, आणि अबोलाही कायमचा झाला. पुढची मापणी केसभर चुकली नाही. बंदर वाढलं.

"पण राणोजीला चैन पडेना," हरबाआबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. जेवण जात नव्हतं म्हणे. एका सकाळी तो येऊन या खुंटाशेजारी बसला आणि मनातलं सगळं खुंटाला सांगू लागला. बायकोचं आजारपण, होडीचं शीड, कालवणात कोकम कमी पडल्याचं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूला मालू येऊन टेकला. तो ऐकत राहिला, आणि राणोजी थांबल्यावर त्यानेही खुंटाला सांगितलं, कोकम आमच्याकडे आहे, पाठवून देतो. मरेपर्यंत दोघे रोज येत. खुंटाला कान आहेत ते तेव्हापासून.

दोन्ही साहेब पुढे झुकून ऐकत होते. धाकट्या साहेबांचे डोळे पाणावले होते. रेवती पदराने गळा पुसत होती.

हरबाआबांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि शेवटचं वाक्य घेतलं. "आजही सारंग आणि तांडेल एकमेकांशी बोलत नाहीत. आजही—"

"आबा," शलाका म्हणाली, "म्हणजे ते दोघे बोलायला तडफडत होते."

आबा थांबले. आख्यायिकेच्या मध्ये आजवर कोणी बोललं नव्हतं.

"खुंट त्यांनी बोलण्यासाठी शोधला. तुम्ही त्याचा उपयोग न बोलण्यासाठी करताय. आणि इथे चाळीस बायकांचं खळं गाड्यांखाली चाललंय, ते कशासाठी? दोन माणसांनी मैत्रीपायी केलेल्या चुकीसाठी?"

आबांनी खुंटाकडे बोट केलं. जे सांगायचं ते इथे सांग, असा त्याचा अर्थ. शलाकाने खुंटाला वळसा घातला आणि टेबलाच्या पलीकडे, तांडेलांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"रेवतीवहिनी, खळं कुठून कुठपर्यंत धरायचं?"

धक्क्यावर कोणीतरी श्वास आत ओढला. रेवतीने एकदा सासऱ्यांकडे, म्हणजे धाकूनानांकडे बघितलं. मग तिने पदर खोचला.

"जुन्या कोठाराच्या जोत्यापासून, होड्या ओढतात त्या तिसऱ्या ओढणीपर्यंत," ती म्हणाली. आवाज शलाकाला वाटला होता त्यापेक्षा जाड आणि भरभर होता. "आणि रुंदी नदीकडून बावीस पावलं धर, वीस नको. गेल्या साली तू वीसवरच थांबलीस, मी किती हिसके दिले तुला. दोन वर्षं झाली, सांगायला जीव नुसता वर आलाय माझा."

"तो हिसका थांब म्हणून नव्हता?"

"थांब कसला? पुढे हो म्हणून ओढत होते मी, बाय."

शलाकाला हसू फुटलं. ते दाबत तिने पेन्सिल उचलली. रेवती तिच्या खांद्याशी वाकून बोटाने जागा दाखवू लागली, आणि पांढऱ्या चौकोनावर एक एक रेघ उमटू लागली. मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं.

हरबाआबांचा चेहरा लाल झाला होता. ते उठले, खुंटाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "खुंटा, आमच्या या पोरीला सांग, पेन्सिल खाली ठेव आणि घरी चल."

शलाकाने मान वर केली. तिच्या स्वतःच्या आजोबांचा भाऊ, ज्याच्या खांद्यावर बसून ती लहानपणी बंदर फिरली होती, तिच्याशी दगडातून बोलत होता.

"नाही आबा," ती म्हणाली. "मी उठणार नाही. आणि खुंटाकडून आलेला निरोप आजपासून मी घेणार नाही. मला सांगायचं असेल तर माझ्याकडे बघून सांगा. धाकूनानांना सांगायचं असेल तर ते समोर बसलेत, त्यांना सांगा."

हरबाआबांनी धाकूनानांकडे बघितलं. धाकूनानांनी हरबाआबांकडे. दोघांनीही तोंडं उघडली. खुंट दोघांच्या मध्ये होता, पण कमरेएवढाच, त्याच्या वरून दोघांनाही एकमेकांचे चेहरे स्वच्छ दिसत होते. हरबाआबांचे ओठ हलले. धाकूनानांनी कान पुढे केला. मग दोन्ही म्हातारे आपापल्या जागी खाली बसले, आणि नकाशावर दोन सह्या होऊन साहेब लाँचकडे निघाले तरी त्यांच्यापैकी कोणाच्याही तोंडून एक शब्द निघाला नाही.