चिंचखेडच्या मेळ्यातला पाणक्या

प्रवरेच्या काठी चिंचखेड नावाचे एक लहानसे गाव होते. करुणादास महाराजांचा मुक्काम त्या काळी तिथे असे. गळ्यात लाकडी क्रूस, हातात चिपळ्या आणि मुखी प्रभू येशूचे नाव, एवढाच महाराजांचा संसार! कोणाच्याही ओसरीवर टेकावे, पानात पडेल ते गोड मानावे आणि संध्याकाळी कीर्तनाला उभे राहावे. महाराजांमुळेच चिंचखेडला दर चैत्रात भजनमेळा भरू लागला. पंचक्रोशीतली ख्रिस्ती मंडळी बैलगाड्या जुंपून येत, सकाळभर भजने होत आणि दुपारी लहानथोर एकाच पंगतीला बसून प्रीतिभोजन करीत.

या मेळ्याची सारी व्यवस्था मंडळीचे पंच रूबेनराव पारखे यांच्याकडे असे. माणूस कामाला वाघ, उगीच खोटे कशाला बोला? मंडप घालण्यापासून पत्रावळी उचलण्यापर्यंत त्यांची नजर. पण बाबांनो, देवाचे काम करता करता माणसाला कधी कधी वाटू लागते, की आपल्यावाचून देवाचे अडते. रूबेनरावांचे तसेच झाले होते. त्यांची म्हातारी आई यमुनाबाई परसातल्या छपरात राहत असे. सासूसुनेचे पटेना, म्हणून रूबेनरावांनीच तिची सोय तिकडे लावली होती. भाकरी वेळेवर जाई, पण म्हातारीजवळ घटकाभर कोणी बसत नसे. 'देवाच्या सेवेतून सवड कुठे मिळते?' असे ते म्हणत आणि लोकही माना डोलावत.

त्याच गावात सीलास साळवे नावाचा एक गरीब भक्त होता. त्याचा बाप भिकाबा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. सीलास बापाला भरवी, न्हाऊ घाली, त्याची घाण काढी, आणि हे सारे हसतमुखाने करी. रविवारी उपासनेला तो दाराशी बसे आणि मधेच हळूच उठून घरी जाई, बापाची कूस बदलून परत येई. रूबेनरावांना ते मुळीच खपत नसे. "चालले आमचे श्रावणबाळ," असे ते भर उपासनेत म्हणत. "देव नंतर, आधी बाप!" लोक हसत. सीलास मान खाली घालून निघून जाई.

एकदा महाराजांच्या कानी हे पडले. ते म्हणाले, "रूबेनराव, वधस्तंभावर प्राण जात असताना प्रभूंनी आपल्या आईची सोय लावली. आधी देव की आधी आईबाप, हा हिशेब त्यांनी केला नाही. तो आपण का करावा?" रूबेनरावांनी हात जोडले, पण बोल डोक्यावरून गेला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरे काय?

त्या वर्षी मंडळीच्या देवळाजवळची विहीर आटली. मेळ्याचे पाणी नदीतून दरड चढून आणावे लागणार होते. ते सर्वांत कष्टाचे काम रूबेनरावांनी नेमके सीलासला नेमून दिले. सीलास काकुळतीला आला. बा आता घडीचा सोबती दिसतो, दुसरे कोणतेही काम द्या, मेळा झाल्यावर दुप्पट राबेन, असे त्याने विनवले. रूबेनराव म्हणाले, "पाळी म्हणजे पाळी. चुकलास तर मंडळीतून तुझ्या घराचे नाव कमी होईल. मग आपल्या कबरस्तानात बापासाठी जागा मागायला येऊ नकोस."

सीलासचा चेहरा पांढराफटक पडला. त्याची आई सरूबाई त्याच कबरस्तानात निंबाच्या झाडाखाली विसावली होती. तिच्या शेजारी आपली माती पडावी, एवढी एकच इच्छा भिकाबाने जन्मात बोलून दाखवली होती. रूबेनरावांना हे चांगले ठाऊक होते, म्हणूनच तर त्यांनी नेमके तिथे बोट ठेवले.

मेळ्याचा दिवस उजाडला. रूबेनराव देवळाच्या अंगणात आले तो समोरून सीलास खांद्यावर कावड घेऊन दरड चढून येताना दिसला. डोक्याचे फडके कपाळावर ओढलेले, पाय चिखलाने भरलेले. धाक दाखवला की माणसे कशी सरळ येतात, असे म्हणून त्यांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग रांजणात डोकावले. रांजण भरला नव्हता. इतका वेळ काय करीत होतास, असे त्यांनी दरडावून विचारले.

तो म्हणाला, "वाटेत तुमच्या परसात गेलो होतो. तुमच्या आईचा घसा कोरडा पडला होता. आधी त्यांना पाणी दिले."

"मेळ्याचे पाणी वाटेत वाटायला तुला कोणी सांगितले?" रूबेनराव भडकले. पाहुण्यांदेखत त्यांनी त्याला वाटेल तसे बोलून घेतले. वर शिक्षा म्हणून अंगण झाडायला लावले, खरकटी पातेली घासायला लावली. तो एका शब्दाने उलटून बोलला नाही. ऊन चढत गेले, दरड तापली, कावड येत राहिली आणि रांजण काठोकाठ भरला. पंगतीची पाने मांडली जाऊ लागली तेव्हा तो जवळ आला आणि म्हणाला, "पंच, मी बसू का पंगतीला?"

रूबेनरावांनी नाकाला उपरणे लावले. "बापाच्या अंथरुणाचा वास मारतो तुझ्या अंगाला. पाहुण्यांची जेवणे होऊ देत. तोवर मागच्या दाराबाहेर उभा राहा."

तो किंचित हसला. "बरे," म्हणाला. "दाराबाहेर उभे राहायची मला सवय आहे."

पाने वाढून झाली, पण आशीर्वाद मागायला महाराज कुठे दिसेनात. कोणीतरी सांगितले, की ते पहाटेपासून सीलासच्या झोपडीत आहेत. पंगत खोळंबलेली, तेव्हा रूबेनराव स्वतःच तिकडे निघाले.

झोपडीत पाहतात तो काय! भिकाबाचे डोके मांडीवर घेऊन सीलास बसलेला. अंगावर कोरडे कपडे, पायांना चिखलाचा थेंब नाही. महाराज म्हाताऱ्याच्या पायांना तेल चोळीत होते. पंचांना पाहताच सीलास रडू लागला. म्हणाला, "पाळी चुकली पंच. कावड उचलली तोच बाची घरघर सुरू झाली. पाऊल उंबऱ्याबाहेर निघेना. इतक्यात महाराज आले आणि म्हणाले, 'तू बापाजवळ बस. पाण्याचे, ज्याचा मेळा तो बघेल.' माझे नाव खुशाल काढा, पण माझ्या बाला आईशेजारी जागा द्या. पाया पडतो तुमच्या."

रूबेनराव म्हणाले, "अरे, पाणी तर तूच भरलेस! मी डोळ्यांनी पाहिले. बोललो तुझ्याशी."

"मी सकाळपासून इथून हललो नाही पंच. विचारा महाराजांना."

रूबेनरावांनी महाराजांकडे पाहिले. महाराजांनी नुसती होकारार्थी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते. सकाळपासूनचा प्रत्येक शब्द आता रूबेनरावांच्या कानात परत घुमू लागला. मी कोणाला दरडावले? खरकटी पातेली मी कोणाकडून घासून घेतली? "महाराज," ते कसेबसे म्हणाले, "मी त्यांना दाराबाहेर उभे केले." आणि तिथेच मातीत त्यांनी लोटांगण घातले. केवढे हे प्रभूचे सोसणे! शिव्या खाल्ल्या, पण भक्ताची पाळी चुकू दिली नाही.

महाराजांनी त्यांना उठवले. ते म्हणाले, "लहानातल्या लहानाला जे बोललात ते त्यालाच बोललात. पण तो मनात धरून ठेवणारा नाही. जा, त्याला आत बोलवा."

जाण्याआधी रूबेनराव भिकाबाजवळ वाकले. म्हाताऱ्याचा लुळा हात त्यांनी कपाळाला लावला आणि सांगितले, "बाबा, सरूबाईंशेजारची जागा तुमचीच आहे. खांदा द्यायला मी पहिला असेन." भिकाबाला बोलता येत नव्हते. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. सीलासने ते आपल्या फडक्याने टिपले.

रूबेनराव धावत देवळाच्या मागच्या दाराशी आले. तिथे कोणी नव्हते. आचाऱ्यांना विचारले, पाहुण्यांना विचारले, कोणी कोणाला जाताना पाहिले नव्हते. ते वेड्यासारखे चहूकडे पाहू लागले. मग एकाएकी त्यांना कळले, की आता कुठे जायचे. ते आपल्या परसाकडे वळले.

यमुनाबाई छपराच्या दारात बसली होती. केस विंचरलेले, लुगडे नीट सावरलेले. लेकाला पाहून तिला मुळीच नवल वाटले नाही.

"आई, सकाळी कोण आले होते?"

"नाव नाही विचारले बाबा. पाणी पाजले, पाय धुतले माझे, अन् कितीतरी वेळ बसला बोलत. मी म्हटले, आता तू जा, माझ्याकडे कोणी येत नसते. तर म्हणाला, आई, तयार होऊन बसा, तुमचा लेक तुम्हाला जेवायला न्यायला येतोय."

रूबेनरावांनी आईच्या पायांवर डोके ठेवले. पंगत खोळंबली होती, पण ते बराच वेळ उठले नाहीत.